सुपाभोवतीची मंडळी

आक्का,

तुझ्या अंत्यविधीत कमिटीच्या सेक्रेटरींनी तुला 'मूक सेविका' म्हटलं आणि मी शवपेटीशेजारी उभा राहून हसलो. लोकांना वाटलं मला हुंदका आला. कुणीतरी पाठीवरून हातही फिरवला. मूक, आणि तू? तू नळावरून एकदा 'रखमेऽऽ' म्हणून हाक मारलीस की निपाणीच्या त्या गल्लीत तीन घरांतून तीन रखमा बाहेर यायच्या.

त्यांच्या हातातल्या कागदावर आणखी दोन विशेषणं होती, विनम्र आणि आज्ञाधारक. सेक्रेटरी तुला सगळं मिळून पाच-सहा वेळा भेटले असतील, आणि मला आठवतं तसं प्रत्येक वेळी तू त्यांच्याशी भांडली होतीस. पण माणूस गेलं की त्याला गरीब गाय करून टाकायची आपल्याकडे रीतच आहे. तसं केलं की भांडण आपोआप मिटतं, आणि तेही आपल्या बाजूने. मी ते मिटू देणार नाही. तुला माती दिल्याला आज अकरा दिवस झाले. तुझ्याशी माझंही एक भांडण शिल्लक आहे, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्याकडे पहिल्यांदा आलो तो दिवस तू चारचौघांत इतक्या वेळा सांगितलास की मला स्वतःचं काय आठवतं आणि तुझं काय, हेच आता कळत नाही. थिऑलॉजीची पदवी ताजी होती, शर्टाला कडक इस्त्री होती आणि बेळगावच्या कमिटीने हातात पत्र दिलं होतं: निपाणी भागात नवीन ख्रिस्ती मंडळ्या स्थापन करण्याच्या कामी मार्था आक्कांना साहाय्य करावे. मला वाटलं, चर्च असेल, निदान एक बोर्ड तरी असेल. विचारत विचारत आलो तर दहा बाय बाराची खोली, आणि भिंतीला टेकून चौदा-पंधरा बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. तंबाखूच्या धुरळ्याने मला दारातच तीन शिंका आल्या. मी विचारलं, "उपासना कुठे होते?"

तू मान वर न करता म्हणालीस, "हितंच. चपला भाईर काढा न् सूप वलांडू नका. पोटाचं हाय त्ये."

"आणि रविवारीसुद्धा हे काम चालू असतं?"

"रविवारी पोट बंद ठेवायची सोय हाय व्हय तुमच्या बेळगावात?"

बायका खुदखुदल्या. गाणी चालू असताना हात चालायचे, प्रार्थनेला सुपं खाली ठेवायची, हा तुझा नियम. माझ्या एकाही पुस्तकात तो नव्हता. मी वहीत लिहून घेतलं, 'ही पद्धत सुधारावी लागेल'. ती वही तुझ्या हाती कधी लागली नाही हे माझं नशीब.

पहिली चूक करायला मला आठच दिवस लागले. दुसऱ्या रविवारी तू मला बोलायला सांगितलंस आणि मी व्यसनावर प्रवचन केलं. शिकत असताना तयार केलेलं माझं ते सगळ्यात चांगलं प्रवचन होतं. सोबत फुप्फुसांचं चित्र असलेला तक्ता नेला होता, तो तुझ्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. तंबाखू शरीराचा नाश करते, तंबाखू घराचा नाश करते, जो तंबाखूला हात लावतो तो... आणि समोर पंधरा बायका, त्यांची बोटं तंबाखूने पिवळी झालेली, सुपं खाली ठेवून माझं ऐकत होत्या. मला वाटलं, काय शांतता आहे! वचन काळजाला भिडतंय. एकेकीने सुपावर पदर टाकला. तेसुद्धा मला पश्चात्तापाचं लक्षण वाटलं.

शेवटी कोपऱ्यातून शेवंताने विचारलं, "मग सायेब, उद्यापास्नं आमी काय करायचं?"

मी 'आपण प्रार्थना करू या' असं म्हणालो. ती उठली, सूप उचललं आणि गेली. पुढच्या रविवारी तीन बायका आल्या, त्यातली एक तू.

तू मला सोमवारी सकाळी बोलावलंस, पुढ्यात सूप सरकवलंस, हातात कात्री आणि पत्र्याचा साचा दिलास. "बस खाली. तंबाखू वाईट हाय हे त्या बायास्नी ठावं हाय. त्यांच्या छातीत हाय त्ये. तू नवीन काय सांगितलंस? आता वळ."

तीन महिने वळल्या मी विड्या. भिजवलेलं पान साच्यावर ठेवून कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. माझी विडी एका टोकाला बोटाएवढी जाड आणि दुसऱ्या टोकाला रिकामी. दोरा बांधेपर्यंत पान उलगडायचं. ही बातमी गल्लीभर झाली. पाळकसाहेबांच्या विड्या बघायला बायका दारात उभ्या राहू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या, मग माझ्या हातातलं पान ओढून घेऊन "असं न्हवं वो, असं" म्हणून शिकवू लागल्या. सहा-सात रविवारांत खोली पुन्हा भरली. माझ्या प्रवचनाने पांगलेली मंडळी माझ्या वाकड्या विड्यांनी परत आणली, हे कमिटीच्या अहवालात कसं लिहायचं ते मला आजवर कळलेलं नाही. शेवंता सगळ्यात शेवटी आली. तिने माझी एक विडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "ही कोण वडंल? देवसुदिक वडणार न्हाय." त्या दिवसापासून मी तुला 'तुम्ही' म्हणायचं सोडलं आणि तू मला 'सायेब'.

तुझी कामाची रीत मी हळूहळू शिकलो, पटली मात्र फार उशिरा. तू कुणाला ये म्हणायची नाहीस. सूप काखेत मारून तूच जायचीस. सदलग्याला माहेरी गेलीस की तिथल्या बायकांच्या ओट्यावर, संकेश्वरकडे ऊसतोडीच्या खोपटांपाशी गेलीस की तिथे. बसमध्ये कंडक्टर म्हणायचा, "आक्का, सुपाचं तिकीट?" आणि तू म्हणायचीस, "त्येला उभ्यानं न्यायचं हाय, सीट नगं." जिथे बसशील तिथे आधी पोरांची नावं, मग सासूचं दुखणं, मग रेशन कार्डाची भानगड. प्रभूचं नाव चौथं, आणि तेही तिने विचारलं तर. "सारकी कुणाच्या देवाची गाणी म्हणतासा, तो देव कोण?" असं बाईनेच एक दिवस विचारावं लागे. कधी ते विचारायला वर्ष लागलं, कधी विचारलंच नाही. तरीही तू जात राहिलीस. मी चिडायचो. "आक्का, हे काम आहे की पाहुणचार?" तू म्हणायचीस, "पाव्हणा झाल्याबिगर काम व्हत न्हाय रं."

एकदा गल्लीच्या तोंडाशी बसणारी चार तरुण पोरं आली. कुणीतरी त्यांच्या कानात काही भरवलं होतं. दारातच उभं राहून एकाने विचारलं, इथे बायकांना काय आमिष दाखवता? तू हातातली विडी बांधून पुरी केलीस, दोरा दाताने तोडलास, आणि कानडी-मराठीत म्हणालीस, "बर्री, कुंडरी. या, बसा की रं. आमिष बघायचं हाय न्हवं? ह्ये बघा सूप. ह्यातलं काय देऊ, पान का तंबाखू?" त्यांच्यातल्या एकाची आई तुझ्याशेजारीच बसली होती. तिने पोराला नावाने हाक मारून विचारलं, जेवलास का. पोरं गेली. परत एकदा आली, तेव्हा त्यांच्यातल्याच एकाच्या बहिणीला दवाखान्यात न्यायचं होतं आणि त्यांना तुझी सोबत हवी होती. तू गेलीस. मला म्हणालीस, "ह्यात हसण्यासारकं काय हाय?" मी हसत नव्हतो, आक्का. मला लाज वाटत होती, कारण ती पोरं पहिल्यांदा आली तेव्हा मी मागच्या दाराकडे बघत होतो.

कमिटीचा फॉर्म यायचा. नवीन आत्मे किती, बाप्तिस्मे किती, मंडळीचं स्वतःचं उत्पन्न किती. मी पेन घेऊन बसायचो आणि तू म्हणायचीस, "लिही, शेवंतानं आज दार उघडलं." मी म्हणायचो, त्याला रकाना नाही. "मग रकाना पाड." यावरून आपण नऊ वर्षं भांडलो. शेवंता नऊ वर्षं तुझ्याशेजारी बसली, गाणी तिला माझ्यापेक्षा पाठ, आजारी बाईच्या उशाशी सगळ्यांआधी ती. पण बाप्तिस्मा घेतला नाही, घरातला देव्हारा हलवला नाही. मी एकदा तुला बोललो, "आक्का, त्या एका बाईवर तू नऊ वर्षं वाया घालवलीस." तू भाकरी थापत होतीस. थापायची थांबलीस, माझ्याकडे बघितलंस आणि पुन्हा थापायला लागलीस. तेवढ्यापुरती मात्र तू खरंच मूक झाली होतीस, सेक्रेटरींना हे सांगायला हवं.

मग तुझा खोकला सुरू झाला. दिवाळीत साधा, नाताळात तुला गाणं पुरं म्हणू देईना असा. डॉक्टरांनी धुरळ्यात बसू नका म्हणून सांगितलं. मी सांगितलं, तुझी भाची सदलग्याहून येऊन सांगून गेली. तू दवाखान्याच्या पिशवीवर सूप ठेवून वळत बसलीस. आपलं मोठं भांडण झालं. मी म्हणालो, बायकांना दुसरं काम मिळवून द्यायला हवं होतं, शिलाई, पापड, काहीतरी, आपण नुसते त्यांच्याबरोबर बसलो. तू म्हणालीस, "आदी बसलं पायजे." मी म्हणालो, "आधी, आधी करत आयुष्य गेलं तुझं." यात खरं कुणाचं होतं ते मला अजून माहीत नाही. तुझ्या छातीने शेवटी माझ्याच त्या फसलेल्या प्रवचनाची बाजू घेतली. मला असं जिंकायचं नव्हतं, आक्का. तू असायला हवी होतीस आणि मी हरलो असतो तरी चाललं असतं.

आता जे तुला सांगितलं नाही ते सांगतो. तू अंथरूण धरलंस त्याच आठवड्यात मला बदलीचं पत्र आलं होतं. बेळगावात उद्यमबागेजवळची मोठी मंडळी, पक्की इमारत, माइक, पंखे, फाउंड्रीतल्या कामगारांची कुटुंबं, राहायला दोन खोल्या. संमती असल्यास सही करावी. मी सही केली. तुझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर, चहाच्या गाड्यावर उभा राहून केली. मग आत येऊन तुझे पाय चेपत बसलो. तू विचारलंस, "रविवारी काय बोलणार हाईस?" मी काहीतरी सांगितलं. तू म्हणालीस, "आज तुजं ध्यान न्हाय हितं." मी म्हणालो, झोप झाली नाही.

मला वाटत होतं हे ओझं घेऊन मला जगावं लागेल. तर परवा शेवंता म्हणाली, "आक्कास्नी ठावं हुतं की. चाच्या गाड्यावाल्यानं सांगिटलं. आक्का म्हनली, त्येला आडवू नका गं, त्येचं वय हाय, जाऊ दे."

आक्का, मला राग आला. अजून आहे. सेक्रेटरींशी भांडलीस, कंडक्टरशी भांडलीस, डॉक्टरांशी भांडलीस, देवाशीसुद्धा भांडताना मी तुला ऐकलंय. आणि माझ्याशी भांडायची वेळ आली तेव्हा एकदम समजूतदार झालीस? मला दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर मी त्या आयुष्यभर जपल्या असत्या. माफी कोणी मागितली होती तुझ्याकडे?

तुझ्या मातीच्या तिसऱ्या दिवशी कमिटीचा निर्णय आला. आक्कांच्या पश्चात निपाणीची खोली बंद करावी, तेथील भगिनींना मुख्य चर्चच्या उपासनेस न्यावे, दर रविवारी टेम्पोची व्यवस्था करण्यात येईल. वाचायला किती छान आहे. मुख्य चर्चमध्ये एकदा तू पाचजणींना घेऊन गेली होतीस, तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला होता आणि तू मुद्दाम त्यांच्याच बाकावर जाऊन बसली होतीस. त्यानंतर त्या पाचजणी तिकडे पुन्हा गेल्या नाहीत. हे कमिटीला माहीत नसेल असं नाही. त्यात घरमालकाने तुझ्या खोलीला कुलूप घातलं. म्हणजे बसायला जागा नाही, बसवणारी नाही, आणि उरलेला पाळक सही करून मोकळा. कमिटी, मालक आणि पाळक अशा तिघांनी मिळून काम फत्ते केलं होतं, आणि त्या तिघांत एक मी होतो.

शनिवारी शेवंता माझ्याकडे आली. म्हणाली, "उद्या माज्या सोप्यात बसायचं. मी सगळ्यास्नी सांगिटलंय." मग जरा घुटमळली. "तितं आमचा देव्हारा हाय. तुमच्या देवाला चालंल न्हवं?"

शिकलेलं सगळं डोक्यात उभं राहिलं. काय बोलावं, कुठल्या वचनाचा आधार द्यावा. मग मला एकदम दिसलं की माझ्याही नकळत मी नियम चाळतोय, आणि एक बाई तिच्या घराचं दार उघडून उभी आहे. म्हणालो, "त्याला चालतं. मला सवय करावी लागेल."

काल रविवार होता. शेवंताच्या घराचा पुढचा सोपा तुझ्या खोलीपेक्षा लहान आहे. बावीस बायका मावल्या, कशा ते विचारू नकोस. माझ्या उजव्या खांद्याशी देव्हारा, त्यात हळदकुंकू ताजं. दुसरं गाणं चालू असताना गल्लीत टेम्पो थांबला आणि सेक्रेटरी दारात आले. वाईट माणूस नाही तो. त्यांना खरंच वाटत होतं की ते आमची सोय करायला आले आहेत. गाणं संपेपर्यंत ते थांबले, एवढंही सांगायला हवं. मग म्हणाले, "चला भगिनींनो, उशीर होतोय."

कुणी हललं नाही. एकीने कापत असलेलं पान तेवढं कापून पुरं केलं.

"पाळकसाहेब, तुम्ही तरी सांगा यांना."

मी उभा राहिलो. "टेम्पो परत न्या," मी म्हणालो, "आणि माझी संमतीही. मी इथून जात नाही."

"तुम्ही सही केली आहे."

"चूक केली होती."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मग इथे जबाबदार कोण? आक्का तर गेल्या."

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेवंता म्हणाली, "मी."

"बाई, तुमचा बाप्तिस्मा तरी झालाय का?"

"न्हाय झाला," ती म्हणाली. तिने सूप मांडीवर नीट घेतलं. "द्येव तुमचा का आमचा, त्ये माजं अजून ठरंना. ठरलं की सांगीन. पर ह्या बाया माज्या हाईत. ह्यातली एक बी त्या टेम्पोत चडणार न्हाय. तुमी बसणार असला तर चपला भाईर काढा."

सेक्रेटरी बसले नाहीत. पण जाताना दारातल्या सुपाला वळसा घालून गेले, हे सगळ्यांनी बघितलं.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. कमिटी माझं नाव काढून टाकेल, बहुतेक याच महिन्यात. मुख्य चर्चमध्ये माझ्याबद्दल बोललं जाईल, आणि देव्हाऱ्याची गोष्ट तर मीठमसाला लावून बोलली जाईल. काम मला शोधावं लागेल. विड्या वळून माझं पोट भरणार नाही, हे तू आणि मी दोघांनीही बघितलंय. भीती वाटते. तरी आज सकाळी सूप घेऊन शेवंता सदलग्याच्या बसला बसली आणि मी तिच्यामागे चढलो.

तू मला जायला परवानगी देऊन गेलीस, आक्का. ती मी घेत नाही.